तासाला वीस

तांडेलांचं वजन करता येत नाही.
व्हेंटिलेटरवरच्या माणसाला काट्यावर कसं उभं करणार,
म्हणून मी टेप घेऊन दंड मोजते:
एकवीस सेंटिमीटर.
दंडावर हिरवं गोंदण, 'चांगुणा',
मधला 'गु' सुरकुतीत दुमडलेला.
अंदाजे बावन्न किलो, असं लिहिते,
तेही पेन्सिलीनं.

पंचविसानं गुणलं की तेराशे कॅलरी.
एवढं त्यांचं देणं आहे,
आणि आज ते द्यायचं नाही.

घरी बारा दिवस पोटात काही टिकलं नव्हतं.
उपाशी शरीर एकेक वस्तू विकत जातं,
साखर, चरबी, मांड्या,
शेवटी बरगड्यांमधले ते स्नायू,
ज्यांनी श्वास ओढायचा.
अशा घरात अचानक पंगत बसवली
तर पेशी रक्तातलं फॉस्फेट ओरबाडून नेतात
आणि हृदय पहिल्या घासालाच अडखळतं.
भुकेतून वाचलेला माणूस जेवणानं जातो.
हे मला पुस्तकानं शिकवलं,
आणि नोकरीच्या पहिल्या वर्षी
सतरा नंबरच्या एका बाईनं.
तिचं नाव इथे लिहिणार नाही.

दाराबाहेर बाकावर चांगुणाबाई.
ससून डॉकचा पहाटेचा लिलाव उरकून
बसनं परळला येतात.
मांडीवर डबा, त्यात तांदळाची पेज,
वरच्या खणात बोंबलाचं कालवण.
रोज आणतात, रोज परत नेतात.

"किती दिलंस आज?"
"तासाला वीस मिली. चार चमचे. नाकातल्या नळीतून."
त्यांनी चार बोटं वर करून बघितली.
"माजी मांजर पन जास्त पिते गो."

मी पेशी, क्षार, असलं काहीतरी सांगत राहिले.
त्या जमिनीकडे बघत होत्या.
मग म्हणाल्या,
"पावसात वाळूवर वडून ठेवलेली व्हडी
एकदम पान्यात लोटली तर बुडते.
फल्या सुकून फटी पडतात.
आदी पानी मारत रावाचं, दोन दिस, तीन दिस,
लाकूड फुगंपर्यंत."
थांबल्या.
"तसंच काय?"
तसंच.

रात्री शोधनिबंध वाचते.
एक म्हणतो, लवकर द्या, भरपूर द्या.
दुसरा म्हणतो, कमी दिलं तरी तेवढेच जगतात.
तिसरा प्रथिनांवरून दोघांशी भांडतो.
तक्त्यात जगणं टक्क्यांत असतं,
नऊ नंबर असं कुणी नसतं तिथे.

तीस. चाळीस.
एका रात्री पुन्हा वीस:
फॉस्फेट एक पूर्णांक एक,
कुरियनला झोपेतून उठवलं,
पहाटेपर्यंत शिरेतून थेंब थेंब.
मग परत तीस.

पाच नंबरच्या मुलाचं सगळं जुळलं होतं,
कॅलरी, प्रथिनं, क्षार, वेळ.
तो गुरुवारी गेला.
त्याच्या बाटलीत शंभर मिली उरलं होतं.
सिस्टरनं ते बेसिनमध्ये ओतलं,
नळ बराच वेळ सोडून ठेवला.

बाविसाव्या दिवशी तांडेलांना
चमचाभर दही.
गळ्याची घाटी वर गेली, थांबली,
खाली आली.
खोकला नाही.
घोगऱ्या आवाजात पहिला शब्द:
"अळणी."

चांगुणाबाईंचा डबा त्या दिवशी आत आला.
कालवण नाही, नुसतं पेजेवरचं पाणी.
त्यांनी चार चमचे मोजले,
आणि पाचवा भरून
माझ्याकडे बघत तसाच धरून ठेवला.

मी मान हलवली, टेप काढली.
दंड एकोणीस.
'गु' आता पूर्णच आत गेलाय.
बावन्न खोडून सत्तेचाळीस लिहिते
आणि गुणाकार
पुन्हा पहिल्यापासून.